सिनियर म्हणतात ‘बघून बघून येईल’, नवे लोक सगळं लेखी मागतात. सिनियर ज्ञान दडवून ठेवतात असं मला वाटतं. हा संस्कृतीचा फरक असतो का?

असतो, पण तुम्ही म्हणताय तिथे नाही. सिनियर ज्ञान दडवून ठेवतात असं तुम्ही लिहिलंय. बरेचदा त्यांना ते शब्दांत पकडताच येत नाही. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये हेच मांडलं होतं, आणि ते कुठल्याही देशातल्या माणसाला लागू आहे.

संस्कृती ठरवते ते वेगळंच: कोणी कोणाला काय विचारायचं, आणि गप्प बसलेल्या माणसाबद्दल काय समजायचं. वरिष्ठांना ‘असं का?’ विचारणं जिथे उद्धटपणा ठरतं, तिथला माणूस त्यांच्या हाताकडे बघत शिकतो. जिथे न विचारणं म्हणजे कामात रस नसणं, तिथला माणूस पहिल्या दिवशीच लेखी पद्धत मागतो. मग विचारणारा बघणाऱ्याला आगाऊ वाटतो, बघणारा विचारणाऱ्याला मठ्ठ.

बघून शिकण्याचं गाजलेलं उदाहरण जपानचं आहे. मात्सुशिता (आताची पॅनासोनिक) कंपनीच्या घरगुती ब्रेड मशीनला कणीक नीट मळता येत नव्हती. तेव्हा कंपनीतल्या सॉफ्टवेअर डेव्हलपर इकुको तानाका यांनी ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे उमेदवारी केली. तो कणीक ताणताना पीळ देतो, हे तिथे त्यांच्या लक्षात आलं. मग मशीनच्या भांड्यात आतून कंगोरे दिले गेले आणि १९८७ मध्ये ते मशीन बाजारात आलं.

पण यावरून ‘जपानी लोक असेच’ म्हणणं मला आळशीपणाचं वाटतं. टोयोटा लेखी कार्यपद्धतीबाबतही तितकीच काटेकोर आहे. शिवाय १९८४ मध्ये जनरल मोटर्सबरोबर तिने कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना पुन्हा सुरू केला, तेव्हा बहुतेक कामगार तिथलेच जुने होते. त्यांच्यातल्या अनेकांना जपानला नेऊन तिथल्या कामगारांबरोबर प्रत्यक्ष लाइनवर उभं केलं. अडचण दिसली की दोरी ओढून मदत मागायची, वेळ पडली तर लाइन थांबवायची, हे ते तिथे शिकले. परतल्यावर त्यांच्या गाड्यांचा दर्जा लवकरच अमेरिकेतल्या उत्तम कारखान्यांच्या तोडीचा झाला. माणसं अमेरिकनच राहिली, विचारण्याची मुभा बदलली.

तुमच्या टीमपुरतं सांगायचं तर सिनियरना ‘तुम्ही हे कसं करता?’ विचारू नका, गोलगोल उत्तर मिळेल. काम चालू असताना ‘आत्ता इथे का थांबलात?’ असं विचारा, तेही एकट्यात. मीटिंगमध्ये विचारलंत तर काहींना ती परीक्षा वाटते. नव्यांना लेखी टिपणं जरूर द्या, पण ती त्यांनाच लिहायला लावा, आणि सिनियरना फक्त चुका दाखवायला सांगा. चूक समोर दिसली की अबोल माणूसही बोलतो.