छातीत गाठ, अंगात ताप आणि "ताई, दूध नासलंय का?"

बाळ तीन आठवड्यांचं. त्याची आई माझ्याकडे आली तेव्हा उजवा हात अंगापासून लांब धरून चालत होती, कपडा लागला तरी कळ यायची. बसायच्या आधीच विचारलं, "ताई, घरातले म्हणतात दूध नासलंय, बाळाला देऊ नको. खरंच नासलंय का हो?" रात्रीपासून थंडी वाजून ताप होता आणि स्तनाच्या बाहेरच्या बाजूला लाल चट्टा, गरम आणि कडक.

अगं नाही, नासलेलं नाही. हा स्तनदाह, म्हणजे स्तनाला आतून आलेली सूज. त्यात पण आईचं दूध बाळाला चालतं, आणि पाजणं एकदम बंद केलं तर दूध आत तुंबून पस व्हायचा धोका उलट वाढतो. हे मी तिला तीनदा सांगितलं तेव्हा कुठे ती जरा टेकून बसली.

मग हळूहळू सगळं निघालं. निप्पलला भेग पडलेली, दुखतं म्हणून ती बाजू टाळली, दूध साचलं, गाठ लागली, मग कोणीतरी सांगितलं म्हणून ती गाठ जोरजोरात चोळली आणि वर दर तासाला पंप. पूर्वी चोळायचा सल्ला सर्रास दिला जायचा, पण २०२२ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी तो बदललाय, कारण आत दुधाचा बोळा अडकलेला नसतो, दुधाच्या नळ्या आजूबाजूच्या सुजेने दबलेल्या असतात, त्यावर दाब दिला की सूज वाढते. आणि जास्त पंप केलं की दूधही जास्तच तयार होतं. बाळाला भूक लागेल तसं पाजायचं आणि मधे थंड शेक, बस.

तिला समोरच पाजायला लावलं. बाळाने सोडल्यावर निप्पल लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चपटं झालेलं, म्हणजे बाळ नुसतं टोक ओढत होतं. भेग तिथूनच, आणि जंतूंना आत शिरायला वाटही तीच. बाळाची स्तनावरची पकड बदलली तशी ती म्हणाली, "आता कमी दुखतंय." ताप होता म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं, पाजताना चालणारी अँटिबायोटिक सुरू झाली.

पाजत नसलेल्या बायकांनाही स्तनदाह होतो, सिगारेट ओढणाऱ्यांना जास्त. पण औषधाने लाली उतरत नसेल किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल तर तपासणी लांबवू नका प्लीज, एका प्रकारचा कॅन्सर असाच दिसतो.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ताप गेला होता. "गाठ थोडी आहे अजून, पण मी चोळली नाही हं." म्हटलं शाब्बास, आणि आठवडाभरात गेली नाही तर सोनोग्राफी करून घे.