दयाळ गातो, मग झाडबेडूक काय करतो?

नाशिकहून, गंगापूर रोडवरून विचारणा आली आहे: पहाटे गच्चीवर दयाळ पक्षी 'गातो', तर पावसाळी रात्री कुंडीशेजारी भिंतीला चिकटलेला झाडबेडूक 'गातो' म्हणावा, की 'डराव डराव करतो'?

'डराव' आधी हद्दपार करा! बालभारतीपासून बातम्यांपर्यंत सगळे बेडूक एकाच आवाजात ओरडवले जातात. झाडबेडूक तोंड मिटून, गळ्याची पिशवी फुगवून कोरडं 'टर्र-टक-टक' काढतो. ऋग्वेदातल्या मंडूकसूक्ताच्या (७.१०३) ऋषीचे कान आपल्यापेक्षा तिखट, त्याला एक बेडूक 'गोमायु' ऐकू येतो, दुसरा 'अजमायु', म्हणजे एक गाईसारखा, एक बकरीसारखा.

याच सूक्तात माझा लाडका शब्द आहे: 'अख्खलीकृत्या'. मुलगा बापाकडे जावा तसा एक बेडूक 'अख्खल' करत दुसऱ्याकडे जातो. वेदांचे जुने भाष्यकार सायणाचार्य म्हणतात, हे नुसतं ध्वनीचं अनुकरण. झालं, सुटले! मग पुढे दोनच ऋचांवर 'शिक्षमाणः', गुरूचं बोलणं पुन्हा म्हणणारा शिष्य, कशाला आणला? पॉल थीम या जर्मन पंडितांनी १९५४ मध्ये गाठ सोडवली: अख्खल म्हणजे अक्षर. लक्षचं लाख होतं तसा क्षचा ख्ख, आणि रोमचं लोम होतं तसा रचा ल. म्हणजे बेडूक अक्षरं घोकतोय. पंचवटीत वेदपाठशाळेवरून गेलात तर कानावर येते ती संथाच ही. गुरुजी एकदा, पोरं दोनदा. वेदातच बोलीभाषेचं रूप सापडतं, याचा काहींना त्रास होतो. होऊ दे.

गंमत अशी की उपमा चुकीच्या प्राण्याला चिकटली. झाडबेडकाला कोणी शिकवत नाही. पाण्यावर लोंबणाऱ्या फेसाच्या घरट्यातून टपकलेलं पिल्लू बापाला ओळखतही नाही, तरी हाक जन्मजात. खरा शिक्षमाण दयाळ. तो मोठ्यांचं ऐकून गाणं बसवतो, वर शेजारच्या पक्ष्यांच्या नकलाही करतो. ऋषीने दयाळ निवडला असता तर उपमा बिनचूक झाली असती, पण बेडकांवाचून पाऊस कोणी आणला असता?

हां, तुमचं क्रियापद. सूक्तात बेडकांसाठी 'वद्' धातू आहे. पावशा बोलतो, पिंगळा बोलतो, तसा झाडबेडूकही बोलतो.