गॅलीखालचा ड्रॉवर आधी काढ

प्रिय मुली,

परवा यार्डात तुला पाहिलं तेव्हा तू शिडीच्या तिसऱ्या पायरीवर वही मांडीवर घेऊन बसली होतीस. वहीत 94 कामं लिहिलेली, आणि एकही खोडलेलं नाही. "काका, कुठून सुरुवात करू तेच सुचत नाही," म्हणालीस. मग रात्री तुझं लांबलचक पत्र आलं. त्यात तीन प्रश्न. आतल्या लाकडाला पॉलिश करू की पांढरा रंग देऊ? सोलर किती वॅटचं घेऊ? आणि येत्या पौर्णिमेच्या उधाणाला बोट पाण्यात सोडू का, कारण यार्डाचं भाडं चढतंय आणि सगळे म्हणतायत, एकदा पाण्यात टाक, बाकीचं पाण्यात बसून होतं.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दोन ओळींत देतो. पांढरा रंग दे, कारण वरून पाणी झिरपलं की पांढऱ्यावर डाग लगेच दिसतो. दिवे, एक पंखा आणि फोन एवढंच असेल तर 100 वॅट पुरतात. फ्रीज हवा असेल तर दुप्पट-तिप्पट धर. झालं.

तिसऱ्या प्रश्नाने मात्र मला झोप लागली नाही. तुझी वही मी चाळली होती, तू चहा आणायला गेलीस तेव्हा. रागावू नकोस. 94 पैकी पाण्याच्या रेषेखालची कामं फक्त सात, तीही शेवटच्या पानावर. त्यातल्या तीन ओळींपुढे तू लिहिलंयस, "सीकॉक, हँडल फिरतं, ओके." सीकॉक म्हणजे बोटीच्या तळाला पाडलेल्या भोकावरचा कॉक, समुद्र आणि तुझ्यामध्ये तेवढाच. मग हे "ओके" कुणी ठरवलं? तू ते उघडून पाहिलंस का?

बोट का घेतलीस, घरचे काय म्हणतात, हे मी विचारणार नाही. ते आपल्यात बोलायची गरज नाही. मीही फोर्टातल्या बँकेत नोकरी करत असताना जेवणाच्या सुट्टीत डबा उरकून अपोलो बंदरावर जाऊन उभा राहायचो. मला तुझ्याशी बोलायचंय ते फक्त दोन शब्दांबद्दल: उघडून बघ. चाळीस वर्षांच्या बोटीत जे उघडून पाहिलेलं नाही ते बिघडलेलं आहे असंच धरायचं. आधीच्या मालकाने शपथ घेतली, मिस्त्रीने मान डोलावली, हँडल लोण्यासारखं फिरलं, तरीही.

माझी पहिली बोट 26 फुटी, फायबरचीच. 1994 साली मुंबई सोडून जाणाऱ्या एका परदेशी माणसाकडून घेतली. दोन वर्षं पगारातला एकेक पैसा तिच्यात ओतला. डोलकाठीला नवा रंग, नवी शिडं, गाद्यांना नवी कापडं, सागाला सहा हात वॉर्निश. 1996 च्या कोजागिरीला, भरतीच्या पाण्यावर, बोट उतरवली. गॅलीच्या, म्हणजे बोटीतल्या स्वयंपाकघराच्या, सिंकचं पाणी बाहेर सोडणारा सीकॉक एका ड्रॉवरच्या मागे होता. तो बघायचा तर ड्रॉवरची चौकट काढावी लागली असती, आणि तिच्यावर नुकतंच वॉर्निश केलेलं. मी हात आत घालून हँडल फिरवलं. फिरलं. "ओके" म्हणालो. अगदी तुझ्यासारखंच.

दिवाळी आम्ही बोटीवर करणार होतो. बायकोने फराळाचे डबे आधीच नेऊन ठेवले होते. दिवाळीच्या आठवड्यात एका सकाळी बँकेत फोन आला. ससून डॉकचा एक तांडेल माझ्या बोटीवर नजर ठेवायचा, त्याच्या पुतण्याचा. "साहेब, होडी बसली." मी पोचलो तेव्हा ओहोटी होती. डोलकाठी तिरकी, केबिनचं छप्पर तेवढं वर, चहूकडे गाद्या तरंगत होत्या.

बोट वर काढल्यावर तो सीकॉक पाहिला. मुख्य कॉक ब्राँझचा होता, उत्तम होता. त्याला जोडलेली नळीची तोटी मात्र पितळेची, कुणीतरी मधल्या काळात बदललेली. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतं ते सच्छिद्र, गुलाबी तांबं. आकार तसाच राहतो, जोर जातो. ती माझ्या हातात बिस्किटासारखी मोडली. दीड इंचाचं भोक पाण्याखाली दोन फुटांवर असेल तर मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपास पाणी आत येतं. माझा पंप तासाला 2,000 लिटरचा, म्हणजे मिनिटाला 33, तोही बॅटरी बुडेपर्यंतच. तासाभरात सगळा खेळ संपला असणार.

चकल्यांचा डबा लॉकरमध्ये सापडला. झाकण इतकं घट्ट लावलेलं होतं की आत थेंबभरही पाणी गेलं नव्हतं. बायकोने डबा पुसला, पिशवीत ठेवला, आणि त्यावर एक शब्द बोलली नाही. त्यानंतर ती माझ्या कुठल्याही बोटीवर रात्रीची राहिली नाही. मी कितीदा म्हटलं, पण नाही. इंजिन भंगारात गेलं याचं मला काही वाटत नाही. हे वाटतं.

तेव्हा आता ऐक. प्रत्येक सीकॉक काढायचा, सुटा करायचा, हातात घेऊन बघायचा. चाकूच्या टोकाने ओरखडा काढ. पिवळं दिसलं तर धातू जिवंत, गुलाबी दिसलं तर फेकून दे. नवीन घ्यायला नागदेवीला जाशील तेव्हा चकाकी बघून पितळ उचलू नकोस, ब्राँझच माग आणि मिळेपर्यंत थांब. नळीला दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा लाव, आणि क्लिपेचा स्क्रूसुद्धा स्टेनलेसचा आहे ना ते लोहचुंबकाने तपास. प्रत्येक कॉकशेजारी त्या मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेव, अंधारात हाताला लागेल अशी.

मग कील, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा. तळाला छोट्या हातोडीने ठोकत जा, आपण मडकं घेताना वाजवतो तसं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तिथे खडूने गोल कर. असे गोल फार झाले तर माझ्याकडे ये, एकटीने निर्णय घेऊ नकोस. डेकवरही असंच ठोक, कारण जुन्या बोटींत डेकच्या दोन थरांमध्ये हलकं लाकूड असतं आणि वर एखादा बोल्ट सैल झाला की ते आतून कुजतं. सुकाणू हाताने धरून दोन्हीकडे हलव. खटखट होत असेल तर उतरवून बघ.

शिडाच्या तारांचं वय तुला आधीच्या मालकाने सांगितलंय "पाचेक वर्षं". पावती आहे का? नसेल तर त्या बोटीएवढ्या जुन्या आहेत असं समज. तारेवरून कापसाचा बोळा फिरव. जिथे धागा अडकेल तिथे तारेचा एक पदर तुटलेला आहे. तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात त्या चेनप्लेट डेकमधून खाली उतरतात आणि डेकच्या जाडीत झाकलेल्या जागीच सडतात. वरून चकचकीत, खालून चकचकीत, मध्ये भेग. त्या बाहेर काढल्याशिवाय दिसत नाहीत. पुन्हा तेच.

वायरिंगचं थोडक्यात: लोहार चाळीतून घरगुती वायर स्वस्त मिळते म्हणून आणू नकोस. समुद्राच्या हवेत तिचं तांबं काळं पडतं. कल्हई केलेली वायरच घे.

आता "पाण्यात टाक, मग बघू" म्हणणाऱ्यांविषयी. तुझी बोट क्रेनने उतरेल. पाण्यात टेकली तरी क्रेनचे पट्टे काढू देऊ नकोस. क्रेनवाला घाई करेल, ओरडेल, ओरडू दे. तू आत जा, टॉर्च घेऊन प्रत्येक कॉक, प्रत्येक जोड, इंजिनच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग कोरड्या बोटाने चाचपून ये. दांडा फिरत असताना पॅकिंगमधून मिनिटाला काही थेंब पडले तर चालेल, दांडा थांबलेला असताना धार लागली तर चालणार नाही. सगळं पाहून झाल्यावरच "सोड" म्हण. आणि पहिली रात्र बोटीतच झोप, दर दोन तासांनी गजर लावून बिल्ज, म्हणजे तळातली पाणी साचायची जागा, बघ. हे मला त्या तांडेलानेच नंतर शिकवलं. "होडी उतरली की पहिली रात तिच्या कुशीत काढायची," म्हणायचा.

लोक तुला माझ्याबद्दल सांगतील, सांगितलंही असेल, की काकांनी आयुष्य बोट उघडण्यात घालवलं, समुद्रावर कमी गेले. खरंय, दुसऱ्या बोटीचे दोन मोसम मी जमिनीवरच काढले. माझ्याबरोबरीचे लोक लक्षद्वीपला जाऊन आले, मी नाही गेलो. पण त्यानंतर 14 मोसम मी ती बोट चालवली. खांदेरी, मुरुड, जयगड, एकदा गोवा. त्यात एकदाही कुणाला मला ओढत आणावं लागलं नाही. ज्याची बोट एकदा बुडालीय त्याने दुसरी दोनदा तपासली तर त्याला भित्रा म्हणायचं? मला हे पटलेलं नाही आणि आता पटणारही नाही. 1985 च्या सप्टेंबरमध्ये लष्कराच्या इंजिनियर्स कोरचे लोक मुंबईहून जगाच्या फेरीला निघाले, ते 37 फुटी "तृष्णा" घेऊन. ती बोट नवी नव्हती, आधी दुसऱ्यांनी वापरलेली होती. जानेवारी 1987 ला ती परत मुंबईत आली. दिलीप दोंदे एकट्याने जग फिरले ते "म्हादेई"तून, 19 ऑगस्ट 2009 ला इथून निघून 22 मे 2010 ला इथेच परतले. गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ती बांधली जात असताना ते तिथे होते, बोट आकार घेताना त्यांनी पाहिली होती. तुला तुझी बोट बांधताना पाहता आलेली नाही. मग निदान सुटी करून तरी बघ.

राहण्याबद्दल तू फारसं विचारलं नाहीस, पण तिथेही तेच आहे. गॅस हवेपेक्षा जड असतो; गळला तर बिल्जमध्ये साचून राहतो, वास वर येईपर्यंत उशीर झालेला असतो. सिलिंडर बाहेरच्या लॉकरमध्ये, लॉकरला तळाशी बाहेर उघडणारं भोक, आणि चहा झाला की बर्नर नाही, सिलिंडरचा कॉक बंद. गादीखाली पट्ट्यांची जाळी टाक, नाहीतर ऑक्टोबरच्या उकाड्यात पंधरा दिवसांत बुरशी येते. गेटवेसमोर मुरिंगला, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या बांधणीला, असताना घारापुरीच्या लाँचा सुरू झाल्या की दिवसभर बोट डोलत राहते. सोमवारी लेणी बंद, तो सगळ्यात शांत दिवस. डोलकाठीवर चढायचं किंवा इंजिन उघडायचं काम सोमवारी ठेव.

नांगर टाकताना मुंबईची भरती विसरू नकोस. उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं. ओहोटीला तीन मीटर पाणी बघून साखळी सोडलीस तर भरतीला तिथे आठ मीटर असेल. त्यात डेकची उंची एक मीटर धर, नऊ झाले, साखळी त्याच्या पाचपट म्हणजे 45 मीटर. आणि साखळीचं आतलं टोक कशाला बांधलंय? साखळीचं कपाट रिकामं करून, ती पूर्ण बाहेर काढून ते टोक बघ. मी एका बोटीत ते सुतळीने बांधलेलं पाहिलंय.

पावसाळ्यात काय, ते मे महिन्यात बोलू. कोळी जूनमध्ये होड्या वर ओढतात ते काही हौस म्हणून नाही.

भाड्याचं म्हणशील तर मला कळतं. मीही पगारावर बोट ठेवली होती. आणखी एक महिना यार्डात म्हणजे तुझे पंधरा-वीस हजार जातील, मित्र म्हणतील हिचं काही होत नाही. म्हणू देत. या पौर्णिमेचं उधाण सोड. पंधरा दिवसांनी अमावस्येला पुन्हा उधाण येतं, त्यानंतर पुन्हा पौर्णिमा. समुद्राला तुझी घाई नाही, भाड्याला आहे, आणि भाड्याचं ऐकून बोट पाण्यात सोडायची नसते. तुला रागवायचं असेल तर रागव. मला कुणीतरी असं खडसावून सांगायला हवं होतं, ते कुणी सांगितलं नाही, म्हणून मी तुझ्यावर आवाज चढवतोय.

शनिवारी सकाळी नऊला मी यार्डात येतो. मोठा पाना, लोहचुंबक आणि हातोडी माझ्याकडे आहे, तू आणू नकोस. तू फक्त एक कर. तुझ्या बोटीतही गॅलीचा सीकॉक ड्रॉवरच्या मागेच आहे, मी परवा वाकून पाहिलं. मी येईपर्यंत तो ड्रॉवर, त्याची चौकट, सगळं काढून ठेव. चौकटीवर तू नवं वॉर्निश केलंयस ते मला दिसलं. तरीही काढ.

तुझा,
काका