प्लॉटखाली वाळू आहे. भूकंपात ती पातळ होईल का, हे आधी कसं कळतं?

तीन गोष्टी एकत्र आल्या तरच धोका: सैल वाळू किंवा चिकटपणा नसलेली गाळवट माती, ती पाण्याने पूर्ण भरलेली, आणि पुरेसा जोरदार व लांबलेला हादरा. हादऱ्यात कण एकमेकांजवळ सरकू पाहतात, पण मधल्या पाण्याला तेवढ्यात बाहेर पडता येत नाही. त्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि जमीन भार पेलेनाशी होते. १९६४ साली जपानमधल्या निगाता इथे अख्ख्या इमारती अशाच कलंडल्या. त्यांचे सांगाडे मात्र बरेचसे शाबूत होते.

तपासणीसाठी बोअर घेऊन एसपीटी (स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट) करतात, म्हणजे बोअरच्या तळाशी एक जाड नळी जमिनीत ठोकतात. त्यासाठी ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंमीवरून पडतो. नळी आत जाताना पहिले १५ सेंमी सोडून पुढच्या ३० सेंमीला लागलेले ठोके मोजतात. खोली आणि हातोड्याची ऊर्जा यांची दुरुस्ती केल्यावर स्वच्छ वाळूत आकडा ३० च्या वर असेल, तर सहसा चिंता नसते.

घोळ बहुतेक वेळा बोअरमध्येच होतो. आतलं पाणी भूजलपातळीच्या खाली गेलं, की तळाची वाळू उसळून सैल होते आणि ठोके खोटे कमी येतात. म्हणून बोअर सतत भरलेलं ठेवायला सांगाच. भूजलपातळीही पावसाळ्यानंतरची, सर्वांत वर आलेली धरा.

थर सैल निघाला तर खोल कंपनाने वाळू दाबून घेणं, खडीचे स्तंभ, किंवा त्या थराखाली घट्ट जमिनीत रुतवलेले पाइल (पायाचे लांब खांब), हे उपाय.