विचारा, सांगतो : पंचाहत्तर टक्के आणि पेन्शनच्या कागदावरचं नाव

(तहसील कचेरीतल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या शाखेतून निवृत्त झालेले अव्वल कारकून वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

काका, नमस्कार. आम्ही बोपोडीला राहतो. मिस्टर खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून २०१८ साली रिटायर झाले. पेन्शन ३८ हजारांच्या आसपास येते. मुलगा २३ वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग. त्याच्या प्रमाणपत्रावर ७५ टक्के लिहिलंय. ओळखीतले एकजण म्हणतात, ८० असते तर बरंच काही मिळालं असतं, पाच हजारांत वाढवून देणारा माणूस आहे. शेजारीण म्हणते, संजय गांधीचा फॉर्म भर, महिना अडीच हजार सुरू होतील. मुलगी लग्न होऊन चिंचवडला असते. आमच्यामागे याचं कसं होणार, हीच काळजी. काय करू?
– एक आई, बोपोडी

ताई, आधी त्या पाच हजारवाल्याला वाटेला लावा. बौद्धिक दिव्यांगतेचे टक्के डॉक्टर मनाने टाकत नाहीत. केंद्राचा तक्ता ठरलेला आहे: सौम्य असेल तर ५०, मध्यम ७५, तीव्र ९०, अतितीव्र १००. यात ८० नावाची पायरीच नाही! म्हणजे जो ७५ चे ८० करून देतो म्हणतो, त्याला तक्ताही माहीत नाही. शिवाय दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला, तर २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात. त्यात अडकाल तुम्ही, तो नाही.

आणि ८० मिळून तुम्हाला करायचं काय? ८० किंवा जास्त असतील तर प्राप्तिकरात ७५ हजारांऐवजी सव्वा लाखाची वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत. तुमच्या घरात दुसरी कमाई नसेल, तर मिस्टरांच्या पेन्शनवर नव्या प्रणालीत मुळात करच लागत नाही. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन ८० पासून आहे खरी, पण ती दारिद्र्यरेषेखालच्यांना, आणि केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. बहुतेक ठिकाणी ४० टक्के पुरतात. एसटीत सोबत्याची सवलत ६५ पासून आहे, तीही तुमच्या मुलाला लागू होते.

शेजारणीचं म्हणणं निम्मं बरोबर. दिव्यांगांचे १५०० चे २५०० झाले, ऑक्टोबर २०२५ पासून. पण दिव्यांगासाठीसुद्धा कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे, आणि तुमच्या घरात तेवढे दोन महिन्यांत येतात. माझ्या टेबलावर अशी प्रकरणं यायची. पेन्शनर बाप कसाबसा कमी उत्पन्नाचा दाखला काढून आणायचा. पुढे चौकशी लागली की बंद, वर वसुलीची नोटीस. त्या फॉर्ममागे चपला झिजवू नका.

तुमचं खरं काम दुसरीकडेच आहे, आणि ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. कारखान्याचं महामंडळ २०२१ ला झालं. मिस्टर त्याआधीच निवृत्त, म्हणजे केंद्र सरकारचे पेन्शनर. केंद्राच्या नियमात, जे मूल दिव्यांगतेमुळे स्वतःचं पोट भरू शकत नाही, त्याला आईवडिलांनंतर हयातभर फॅमिली पेन्शन आहे. बाकीच्या मुलग्यांना २५ वर्षांची अट असते, याला नाही. आधी मिस्टर, मग तुम्ही, मग तो. मुलाची स्वतःची कमाई मात्र ठरलेल्या मर्यादेत हवी, म्हणजे वडिलांच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्यावरचा महागाई भत्ता. दिव्यांगांच्या कार्यशाळेत मेणबत्त्या-पणत्या करून मिळणाऱ्या मानधनाने ती ओलांडली जात नाही.

हे नाव आजच, मिस्टर असताना, पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, चढवून घेता येतं. लोक करत नाहीत. मग दोघंही गेल्यावर बहीण भावाला घेऊन बँकेत उभी राहते आणि तिथून सांगतात, 'यांचं नाव कुठे आहे?' पीपीओ काढा आणि कुटुंबाचा रकाना बघा. मुलाचं नाव नसेल किंवा नुसतंच 'मुलगा' म्हणून असेल, तर मिस्टरांच्या सहीने कारखान्याच्या पेन्शन विभागाला अर्ज द्या, सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि जन्माचा दाखला. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. प्रमाणपत्रावर 'कायमस्वरूपी' लिहिलंय ना, तेही पाहा. १८ पूर्ण झाल्यावर केलेल्या तपासणीचं प्रमाणपत्र आयुष्यभराचं असतं. लहानपणचंच असेल तर एकदा पुन्हा तपासणी करून घ्या. तात्पुरतं असलं तर पेन्शनसाठी दर पाच वर्षांनी नवीन मागतात.

बौद्धिक दिव्यांग मुलाच्या वतीने पैसे कोण घेणार, हेही मिस्टरांनी लिहून ठेवायचं असतं. मुलीशी बोला, जावयांसमोरच बोला, नंतर रुसवेफुगवे नकोत. पालकत्वाचं प्रमाणपत्रही काढून ठेवा. मुलगा १८ चा झाला की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक दिव्यांगांना लागू असलेल्या केंद्राच्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, ती पालक नेमते. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, आणि पेन्शनसाठी हे प्रमाणपत्र चालतं.

त्याच ट्रस्टची 'निरामय' विमा योजनाही घ्या. वर्षाला एक लाखाचं कवच, तुमच्यासाठी पहिल्या वर्षी हप्ता ५०० रुपये, नूतनीकरणाला २५०. आधी तपासणी नाही, जुना आजार म्हणून नकार नाही, थेरपीचा खर्चही धरतात. सीजीएचएस, म्हणजे केंद्राच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर त्यात अशा मुलाला वयाची अट नाही, पण नाव आहे का ते बघून घ्या.

*

माझा डावा पाय पोलिओने गेलेला आहे, ४५ टक्के. संजय गांधीचे पैसे नियमित यायचे. गेल्या काही महिन्यांपासून बंद. बँक म्हणते आधार लिंक आहे, तहसील म्हणते पैसे सोडले.
– हडपसर

दोघंही खरं बोलत असतील. हल्ली हे पैसे खाते क्रमांकावर नाही, आधारवर पडतात. तुमच्या आधारला जे खातं सगळ्यात शेवटी सीड झालं, म्हणजे पैसे जमा व्हायला जोडलं गेलं, तिथे जातात. मधे कुठे नवं खातं उघडलंत का? मोबाइल दुकानातलं पेमेंट बँकेचं, गॅस सबसिडीसाठी काढलेलं? बहुतेक तिथेच साठत असतील. बँकेत 'लिंक' नाही, 'एनपीसीआय सीडिंग' हाच शब्द वापरा, नाहीतर पुन्हा तेच उत्तर मिळेल. तिथेही नसतील तर हयातीचा दाखला नाही म्हणून तुमचं नाव थांबवलंय का, ते शाखेत विचारा. जाताना यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, झेरॉक्स न्या आणि यादीत तुमची नोंद दिव्यांग म्हणूनच आहे का, तेवढं डोळ्यांनी बघा. वाढीव हजार त्याच नोंदीवर मिळतात, नुसत्या 'निराधार' नोंदीवर नाही.

*

बहीण पूर्ण अंध आहे. एसटीने सोलापूरला जाताना सोबत मी असते. माझं तिकीट पूर्ण लागतं का?
– धनकवडी

नाही. तिला ७५ टक्के सवलत, तुम्हाला ५०. कंडक्टरने तिकीट फाडायच्या आधी कार्ड दाखवा, नंतर वाद घालून उपयोग नाही.