१८ जुन्या पेनांसाठी एफडी मोडू का?

रत्नागिरीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: वय ४१. हातात येणारा पगार ७२,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता २१,०००, घरखर्च ३४,०००, एसआयपी ८,०००. शिल्लक म्हणून २ लाखांची एफडी. कपाटात आजोबांचं पार्कर ५१ सापडलं आणि जुन्या फाउंटन पेनांचा नाद लागला. आता एक विक्रेता १८ पेनांचा लॉट १,२०,००० रुपयांना देतो आहे, ‘पाच वर्षांत दुप्पट’ म्हणतो. एफडीतून घ्यावा का?

लॉट घेऊ नका. नाद मात्र सोडू नका, तो तुमच्या ऐपतीत बसतो.

विक्रेत्याचा दावा खरा धरूनच हिशेब करू. जुन्या लॉटमधली पेनं सहसा लिहिती नसतात. प्रत्येकी सरासरी १,२०० रुपये दुरुस्ती धरली तर २१,६००, म्हणजे तुमचे १,४१,६०० गुंतले. पाच वर्षांनी बाजारभाव दुप्पट, २,४०,००० झाला. पण तो भाव दुकानात ग्राहक देतो तो. तुम्ही अठराच्या अठरा पेनं एकदम विकायला काढाल तेव्हा घेणारा आपला नफा आधी कापून घेणार. मी ४० टक्के कपात धरली, तर हातात १,४४,००० येतात. दुप्पट होऊनही पाच वर्षांत २,४०० रुपये सुटले! तेच १,४१,६०० सात टक्क्यांनी ठेवले तर करापूर्वी सुमारे १,९८,६०० होतात. एकेक पेन सवडीने विकलं तर कपात कमी होईल, पण मग फोटो काढणं, पॅकिंग, कुरिअर आणि परत आलेला माल हे सगळं तुमच्या डोक्यावर.

‘निब सोन्याची आहे’ हा युक्तिवादही ऐकलाच असेल. साधारण निबमध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा धातू नसतो, आणि १४ कॅरेट म्हणजे त्यातलं ५८ टक्केच सोनं. पार्कर ५१ च्या ‘स्पेशल’ प्रकारात तर निब ऑक्टेनियम नावाच्या पोलादी मिश्रधातूची असते. टोपणावर ‘रोल्ड गोल्ड’ असेल तर तो वरचा पातळ थर.

मुख्य अडचण मात्र एफडीची आहे. हप्ता आणि घरखर्च मिळून महिना ५५,०००, म्हणजे सहा महिन्यांची गंगाजळी ३,३०,००० हवी. तुमच्याकडे २ लाख आहेत. त्यातून लॉट घेतला तर उरतात ८०,०००, जेमतेम दीड महिना. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याज कापेल ते वेगळंच.

सगळं वजा जाता तुमच्याकडे महिना ९,००० उरतात. त्यातले ७,५०० गंगाजळीत टाका, दीड वर्षात १,३०,००० ची तूट भरून निघेल. उरलेले १,५०० पेनांचे. वर्षाचे १८,००० हा खर्च समजा, गुंतवणुकीच्या रकान्यात लिहू नका. एसआयपीला हात लावायचा नाही.

पहिला खर्च आजोबांच्या पेनावर. बॅरल, म्हणजे हातात धरायचा मागचा लांब भाग, जोर न लावता फिरवून बघा. तो निघून आत धातूची नळी आणि शाई भरायला दाबायची पट्टी दिसली तर ते एरोमेट्रिक, १९४८ नंतरचं. त्यातली पारदर्शक पिशवी अनेकदा आजही शाबूत असते. त्याऐवजी शेपटीकडचं छोटं टोपण निघून दट्ट्या दिसला तर व्हॅक्युमॅटिक. त्यातला रबरी पडदा बहुधा बदलावा लागतो आणि ते कारागिराचं काम. एरोमेट्रिक असेल तर पुढचा भाग रात्रभर साध्या पाण्यात उभा ठेवा, सकाळी पाणी स्वच्छ येईपर्यंत पट्टी दाबत राहा. गरम पाणी नको, स्पिरिट तर मुळीच नको. निबवरचं आवरण ओढून काढायचा मोह आवरा. ते लाखेने चिकटवलेलं असतं, जोर लावला की तडकतं. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घातली तर जीभ, म्हणजे निबखालचा शाई पुरवणारा भाग, कायमची तुंबते. फाउंटन पेनचीच शाई वापरा.

पुढे दहापट मोठं दाखवणारं भिंग, धुण्यासाठी रबरी बल्ब आणि खटक्याच्या (बाजूचा खटका उचलून शाई भरायच्या) पेनांसाठी नव्या रबरी पिशव्या घ्या. मग वर्षभरात दोन, फार तर तीन पेनं, एकेक पारखून. टोपणाची कड उजेडासमोर धरून केसासारखी चीर आहे का पाहा. भिंगातून निबची दोन्ही पाती सारखी लांब आहेत का आणि टोकावरचा कठीण धातूचा कण दोन्हीकडे शाबूत आहे का पाहा. कण झिजला असेल तर दुरुस्ती बहुधा पेनाहून महाग पडते. टोपण एकाचं, बॅरल दुसऱ्याचं हा प्रकार लॉटमध्ये सर्रास. चिनी हीरो ६१६ दिसायला ५१ सारखंच, तेव्हा नुसत्या आकारावर जाऊ नका. परदेशातून मागवत असाल तर पेनाच्या किमतीत टपाल, सीमाशुल्क, आयजीएसटी आणि कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क मिळवूनच भाव ठरवा.

तुमच्याकडची हवा हा वेगळा खर्च. दमटपणात खटका आणि आतली पोलादी पट्टी गंजते, म्हणून पावसाळ्यात सिलिका जेल ठेवा. सेल्युलॉइडची (जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची) पेनं मात्र हवाबंद डब्यात कोंडू नका आणि एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, पेनांशेजारीही नको. रबरातल्या गंधकाने सेल्युलॉइडचा रंग बिघडतो. एबोनाइट पाण्यात भिजत घातलं तर काळ्याचं तपकिरी होतं.

प्रत्येक पेनाची खरेदी तारीख, किंमत, दुरुस्तीचा खर्च आणि फोटो वहीत ठेवा. विमा आणि कर दोन्हींसाठी तीच वही लागेल. घराच्या विम्यात असा संग्रह वेगळा नोंदवल्याशिवाय धरला जाईलच असं नाही. रोज लिहायचं पेन आणि नफ्यासाठी जमवलेला संग्रह यांना कराचे नियम सारखे लागू होत नाहीत. सतत खरेदी-विक्री केली तर तो धंदाही ठरू शकतो, म्हणून मोठी विक्री करण्याआधी सीएंना विचारा. शंभर वर्षांहून जुनं पेन परदेशी ग्राहकाला पाठवायचं असेल तर जुन्या वस्तूंच्या निर्यातीवर बंधन घालणाऱ्या १९७२ च्या पुरावशेष कायद्याची अडचण येते का, तेही आधी तपासा.

वर्ष संपताना घेतलेल्यांपैकी एक पेन मुद्दाम विकून बघा. किती दिवस लागले आणि खर्च वजा जाता हातात किती आले, यावरून पुढच्या वर्षीचे १८,००० वाढवायचे की नाही ते ठरवा. विक्रेत्याला तोवर एवढंच सांगा: लॉट नको, पण त्यातली दोन पेनं सुटी देणार असाल तर भिंग घेऊन येतो.