ऑटोक्रॉस सुरू करायचंय, जुनी मियाटा घेऊ की मस्टँग? मित्र म्हणतात मियाटा बायकांची गाडी आहे

तू लिहिलंयस की वय २६, टेक्सासात राहतोस, बजेटमध्ये जुनी मियाटा बसते आणि थोडं कर्ज काढलं तर वापरलेली मस्टँग येते, पण मियाटाला पॉवर नाही, ती बायकांची गाडी आहे आणि लोक हसतील असं मित्र म्हणतायत. वयामुळे एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. मी बाई आहे, वय ४४, माझ्याकडे १९९९ ची मियाटा आहे, माझदाची छोटी दोन सीटची गाडी, आणि गेली बरीच वर्षं मी ती मिशिगनमध्ये ऑटोक्रॉसला, म्हणजे कोनांनी आखलेल्या कोर्सवर एकेकटं घड्याळाविरुद्ध, पळवते. म्हणजे तुझ्या मित्रांचं बरोबरच आहे, बायकांचीच गाडी आहे. आता पुढे वाच.

पॉवर नाही हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. माझ्या गाडीत १४० हॉर्सपॉवर आहे आणि वजन साधारण १०४५ किलो. फोर्डची मस्टँग जीटी १६८० किलोच्या घरात जाते. आता रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये नारिंगी कोन मांडलेत, मिनिटभराचा कोर्स आहे, दर दोन सेकंदाला काहीतरी वळण आहे, सगळा कोर्स दुसऱ्या गियरमध्ये होतो आणि फार तर ताशी ९० किलोमीटरच्या स्पीडला जातोस, तिथे तू ती ४६० हॉर्सपॉवर घालणार कुठे? वेळ जातो ब्रेक मारण्यात आणि गाडी वळवण्यात, आणि ते सहाशे किलो जास्तीचे प्रत्येक वळणावर चार टायरनीच ओढायचे असतात, इंजिन तिथे येत नाही मदतीला. शिवाय मियाटा अंगानेही बारीक, मस्टँगपेक्षा जवळजवळ २४ सेंटीमीटर कमी रुंद, त्यामुळे स्लॅलममध्ये, म्हणजे ओळीने मांडलेल्या कोनांमधून नागमोडी जाताना, दोन कोनांमधून मी जवळपास सरळ निघते आणि मस्टँगवाला प्रत्येक कोनाला प्रदक्षिणा घालत बसतो.

हे सगळं मी माझ्या दिराला सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही म्हणून हे उत्तर लिहितेय.

दीर शिकागोला असतो. २०१८ ला त्याने मस्टँग जीटी घेतली, पाच लिटरची व्ही-एट. आवाज सुंदर आहे, त्याबद्दल वादच नाही. पण घेतल्या दिवसापासून फॅमिली ग्रुपवर माझ्या गाडीचं नाव 'वहिनीची रिमोट कार'. पुढच्या सप्टेंबरात सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आलेल्या, त्यांना भेटायला हा मस्टँग घेऊन आला, आणि नेमका त्या रविवारी आमचा इव्हेंट. पितृपक्ष चालू होता, सासूबाई म्हणाल्या या पंधरवड्यात शर्यतबिर्यत नको, तर हा म्हणतो, आई ही शर्यत नाहीच, वहिनी कोनांमधून पार्किंगची प्रॅक्टिस करतात. मी म्हटलं मग भावजी, तुम्हीही करा की नाव दाखल, पन्नासएक डॉलर फी आहे, हेल्मेट क्लबचं मिळतं. सासूबाई म्हणाल्या, मग मीपण येते.

सकाळी टेक, म्हणजे गाडीची तपासणी. टेकवाला पुढचं चाक धरून हलवतो, बॅटरी घट्ट आहे का बघतो, चाकांचे नट बघतो, आणि गाडीत सुटी असलेली प्रत्येक गोष्ट बाहेर काढायला लावतो. दिराच्या ट्रंकमधून २० पौंडी आट्याची पिशवी निघाली, दोन छत्र्या निघाल्या, फ्लोअर मॅट गेली. मग डॅशबोर्डवरचा गणपती. डबल टेपने चिकटवलेला होता, टेकवाल्याने एका बोटाने हलवून बघितला तर हलला. म्हणाला सॉरी, पण हे काढावं लागेल. दिराचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी सासूबाईंनी मूर्ती काढून घेतली, ओढणीने पुसली आणि डब्याच्या पिशवीत धपाट्यांशेजारी ठेवली. बाप्पा दिवसभर तिथेच होते, दिराच्या मते त्या दिवशीच्या टायमिंगचं हेही एक कारण आहे.

कोर्स वॉक तीनदा कर असं मी प्रत्येक नवख्याला सांगते. तुलाही सांगते, बाकी काही नाही ऐकलंस तरी चालेल. पायी चालताना कोर्स सरळसोट दिसतो, गाडीत बसलं की सगळे कोन एकाच रंगाचे आणि एकाच उंचीचे, आडवे ठेवलेले कोन कुठली बाजू दाखवतायत ते बघायला वेळ नसतो. दीर एकदा चालला, तोही फोनवर बोलत.

माझी हीट, म्हणजे एका वेळी पळणाऱ्यांची तुकडी, पहिली होती. ५४.६, कोन न पाडता. त्यात सांगण्यासारखं काही नाही, रोजची भाजी आहे.

दुसऱ्या हीटला त्याची रन आणि माझी ड्युटी. हे लक्षात ठेव, ऑटोक्रॉसमध्ये गाडी चालवायची आणि मग दुसऱ्यांनी पाडलेले कोन उन्हात पळत जाऊन उचलायचे, यातून कोणाची सुटका नाही. मला नेमका स्लॅलमचा कॉर्नर मिळाला. हातात लाल झेंडा, खांद्याला वॉकी-टॉकी, आणि समोरून दीर. पहिल्या रनला लाइट मिळाल्यावर मागची चाकं जागेवर फिरली, धूर निघाला, आख्खं ग्रिड, म्हणजे नंबर लावून उभी असलेली रांग, वळून बघायला लागलं, आणि तिसऱ्या कोनाला साहेब चुकीच्या बाजूने गेले. संपलं. टाइम गेला, रन धरतच नाहीत. दुसऱ्या रनला बाजू बरोबर, पण कोन दोन पाडले, त्यातला एक बंपरखाली अडकून फिनिशपर्यंत घरंगळत गेला, कुत्र्याने चप्पल नेल्यासारखा. ६३.१ अधिक चार सेकंद.

आणि मग तिसरी रन, जिच्यावरून आमच्याकडे दर दिवाळीला वाजतं. स्लॅलमच्या शेवटच्या कोनाला त्याची मागची बाजू घासली. कोन पडला नाही, डुलला, सरकला आणि उभा राहिला. मी पळत गेले. प्रत्येक कोनाच्या बुडाभोवती खडूने चौकोन आखलेला असतो. कोन उभा असेल आणि चौकोनाच्या रेघेला जरासा जरी शिवत असेल तर माफ. पूर्ण बाहेर असेल तर उभा असला तरी दोन सेकंद. हा कोन रेघेपासून चांगला बोटभर लांब होता, मधे डांबर दिसत होतं, मी स्वतः गुडघ्यावर बसून बघितलं. वॉकीवर सांगितलं, एक कोन. ६१.८ चे ६३.८ झाले. तो अजून म्हणतो वहिनीने खोटा कोन लावला, उभा होता तो. अहो भावजी, उभा होता हे मीही म्हणतेय, पण घराबाहेर उभा होता! नवऱ्याला हे शंभरदा समजावून झालं, तो म्हणतो तुम्ही दोघं मला यात ओढू नका.

चौथी रन ६०.४, स्वच्छ. पहिल्या दिवसाला अजिबात वाईट नाही, हे मी त्याला तेव्हाही म्हटलं होतं.

पण मला सांगायचंय ते नंतरचं. हीट संपल्या की वेळ उरला तर फन रन असतात, निकालात धरत नाहीत, एकमेकांच्या गाड्या चालवून बघता येतात. मी म्हटलं रिमोट कार चालवून बघा. मी शेजारी बसले, हेल्मेट घालून. त्याला एकच गोष्ट सांगत होते, समोरच्या कोनाकडे बघू नका, त्याच्या पुढच्याकडे बघा. माणूस जिकडे बघतो तिकडे गाडी जाते, कोनाकडे बघितलं की कोनावर जाते. आणि ब्रेक सरळ असतानाच पूर्ण मारा, वळणात घाबरून नाही. मियाटात बूड जमिनीपासून वीतभरावर असतं, वजन पुढे गेलं, मागे आलं, बाहेर ओढलं गेलं, सगळं तिथल्या तिथे कळतं, स्टिअरिंग हातात बोलतं. मागचा भाग सुटायला लागला तर आधी सांगून सुटतो. तो स्लॅलममधून गेला आणि दुसऱ्या कोनानंतर हसायला लागला, मोठ्याने, हेल्मेटमध्ये. ५८.२. म्हणजे एक तृतीयांशापेक्षाही कमी पॉवरच्या गाडीत स्वतःच्या बेस्टपेक्षा दोन सेकंद पुढे.

गाडीतून उतरला आणि म्हणाला, तोवर कोर्स पाठ झाला होता ना.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, मियाटा घे. कारण चुकलास तर गाडी लगेच दाखवते काय चुकलं. मस्टँगमध्ये नवखा माणूस वळणात केलेली चूक सरळ रस्त्यावर गॅस देऊन झाकतो आणि वर्षभर त्याच चुका करत राहतो. टायरही बघ, माझ्या गाडीला १५ इंची लागतात आणि एका सीझनमध्ये चारही बदलले तरी घरात आवाज होत नाही, मस्टँगच्या १९ इंची टायरची किंमत विचारून बघ एकदा. लोक हसतील म्हणतोस, तर कुठल्याही इव्हेंटला जाऊन ग्रिडवर मियाटा मोज. इकडे जुना विनोद आहे, प्रश्न कुठलाही असो, उत्तर मियाटा. बायकांसाठी इथे वेगळे क्लासही असतात, मी मात्र हट्टाने ओपनमध्येच धावते, आणि तिथे माझ्या मागे राहिलेले पुरुष हसताना मला तरी दिसले नाहीत.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. जुनी मियाटा घेताना दाराखालचा पत्रा, मागच्या चाकाच्या पुढे, बोटाने दाबून बघ. इकडे मिठामुळे तो आतून खाल्लेला असतो, वरून रंग चकाचक. टेक्सासची गाडी असेल तर हा त्रास कमी, पण मिशिगनहून आलेली नाही ना ते कागदांवर बघ. उंची सहा फुटांच्या वर असेल तर हेल्मेट घालून आधी बसून बघ, माझ्या नवऱ्याचं डोकं छताला लागतं आणि तो चालवतच नाही. रोल बार बसवून घे, कापडी छताच्या भरवशावर राहू नकोस. सीट दोनच, सामान म्हणजे एक बॅग. आणि खरं तर पहिले दोन इव्हेंट आत्ता जी गाडी आहे तिच्यातच कर, कोरोला असली तरी चालेल, फक्त उंच एसयूव्ही असेल तर आधी विचार, बऱ्याचशा येऊ देत नाहीत. हे खरं सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, पण असो. पुण्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की मातीचं मैदान, धुरळा आणि जिप्सी डोळ्यांपुढे येते, ते वेगळं प्रकरण, तिथले सल्ले इथे लावू नकोस.

आता एक गोष्ट जी मी घरात कुणाला सांगितलेली नाही. दीर इथे फिरकत नाही म्हणून लिहितेय. त्याच फन रनमध्ये तो म्हणाला, वहिनी तुम्हीपण माझी चालवून बघा, म्हणजे पॉवर काय असते कळेल. आणि तेवढ्यात त्याला ऑफिसचा कॉल आला, कानात इयरफोन लावून तो ट्रेलरच्या मागे निघून गेला. मी एकटीच गेले. नाक जड, वळणात शिरताना गाडी विचार करत बसते, थांबावं लागतं, थांबून थांबून जीव जातो. पण एकदा तोंड सरळ झालं आणि हळूहळू गॅस दिला की मागून कोणीतरी लाथ घातल्यासारखी सुटते. दोन ठिकाणी कोर्स जरा मोकळा होता, तिथे मी काय ते कमावलं. बोर्डावर आकडा लागला ५३.९.

माझ्या मियाटापेक्षा सात दशांश कमी. मी गाडी जागेवर लावली, हेल्मेट काढलं. दीर अजून कॉलवर. नवरा कोन गोळा करत होता, त्याचं लक्ष नव्हतं. सासूबाई मात्र घडीच्या खुर्चीवर छत्री घेऊन बरोबर बोर्डासमोर बसलेल्या. मला म्हणाल्या, यात कमी आकडा आला की चांगलं ना गं?

मी म्हटलं, हो.

त्यांनी पिशवीतून गणपती काढून माझ्या हातात दिला, परत जागेवर लावायला, आणि म्हणाल्या, मग त्याला सांगू नकोस, अजून एक घेईल.